पलटणीबरोबरची शाळा

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांत, फ्रान्सच्या सरहद्दीपासून फारशा दूर नसलेल्या वनाच्छादित टेकड्यांच्या प्रदेशांत, काइझर्सलाउटर्न नांवाचें सुमारें लाखभर वस्तीचें शहर आहे. नांवांतील पहिलें पद म्हणजे आपल्या परिचयाचा ‘कैसर’, आणि दुसरें लाउटर या लहानशा नदीचें. बाराव्या शतकांत तांबड्या दाढीबद्दल विख्यात असलेला बादशहा पहिला फ्रेडरिक ऊर्फ बार्बारोसा यानें येथें आपला वाडा बांधिला, तेव्हांपासून ही नगरी कैसराची झाली. पुढें ११९० सालीं धर्मयुद्धास जातांना आशिया मायनरांतील एका नदींत बुडून त्याचा अंत झाला. वाड्याचे भग्न अवशेष आजच्या नगरभवनाच्या शेजारींच उभे आहेत. शहराबाहेर पाऊल टाकतांच पाइन, बीच व ओक यांचें जें अरण्य लागतें तें थेट फ्रान्सच्या हद्दीपर्यंत संपत नाहीं.

परंतु आज आम्हांस वाचकांशीं या बादशहाविषयीं बोलावयाचें नाहीं. दुसरें महायुद्ध संपल्यावर हा मुलूख प्रथम फ्रेंचांच्या अमलाखालीं होता; १९५० नंतरच्या दोनचार वर्षांत अमेरिकेनें येथें रामश्टाइनचा विमानतळ, लांडश्टूलचें इस्पितळ, कोठारें, बराकी असा मोठा पसारा मांडला. सैनिक, त्यांचीं बायकामुलें आणि मुलकी नोकर मिळून पन्नास हजारांच्या आसपास अमेरिकन लोक या टापूंत राहतात. अमेरिकेच्या बाहेर त्यांची एवढी मोठी वसाहत दुसरी नाहीं. शहराचें लांबलचक नांव जिभेवर बसेना म्हणून त्यांनीं त्याचें ‘के-टाऊन’ करून टाकलें आहे. आमच्याकडे साहेबानें खडकीचें ‘किरकी’ केलें, त्यांतलाच हा प्रकार.

आमचा पुतण्या येथील विद्यापीठांत यंत्रविद्येचें संशोधन करितो. त्याच्या आग्रहावरून २०२५ च्या ऑगस्टांत आम्ही सहकुटुंब त्याच्याकडे गेलों. त्याचें बिऱ्हाड शहरांत नसून वाइलरबाख या जवळच्या खेड्यांत आहे. “काका, आमच्या गल्लींत दर तिसरें घर अमेरिकन आहे,” असें त्यानें पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें, आणि त्याचा प्रत्यय येण्यास फार वेळ लागला नाहीं. चाळीस वर्षें ज्यानें शाळेच्या घंटेवर दिवस काढले त्याला सकाळीं स्वस्थ बसवत नाहीं. चहा होतांच आम्ही कोपऱ्यापर्यंत फेरी मारीत असूं. तेथें मुलांचीं दोन टोळकीं उभीं असावयाचीं. रस्त्याच्या एका अंगास पाठीवर पेटीसारखीं चौकोनी दप्तरें घेतलेलीं जर्मन मुलें. दुसऱ्या अंगास अमेरिकन मुलें. त्यांना न्यावयास येणारी मोटार जर्मन ठेकेदाराचीच, साधी, पुढील कांचेवर शाळेची पाटी लावलेली. दोन्ही टोळकीं एकमेकांकडे पाहून हंसत, क्वचित् हातही हलवीत. पण रस्ता ओलांडून कोणी जात नसे.

शेजारच्या घरांत वायुदलांतील एका सार्जंटाचें कुटुंब राहत होतें. त्यांची थोरली मुलगी अकरा वर्षांची, मोठी बोलकी. आपल्या रीतीप्रमाणें आम्हीं तिला विचारलें, “मुली, तुझें मूळ गांव कोणतें?” या प्रश्नानें ती घोटाळ्यांत पडली. तिचा जन्म जपानांतील तळावरचा, पुढें मायदेशांत दोन ठिकाणीं दोन शाळा झाल्या, ही तिसरी. थोडा विचार करून ती म्हणाली, “माझे आजोबा-आजी ओहायोंत असतात.” मग तिनें आम्हांला उलट विचारलें कीं, तुमच्या शाळेचें चिन्ह काय होतें? अमेरिकन शाळांत प्रत्येकीचें एखादें बिरुद असतें. रामश्टाइनच्या माध्यमिक शाळेचे विद्यार्थी ‘रॉयल्स’, म्हणजे राजवंशी, आणि काइझर्सलाउटर्नचे ‘रेडर्स’, म्हणजे छापेवाले. आमच्या शाळेस एक पितळी घंटा होती, एवढेंच आम्हांस सांगतां आलें. तेवढ्यावर तिचें समाधान झालेलें दिसलें.

या शाळांचा इतिहास महायुद्धाच्या अखेरीपासून सुरू होतो. १९४६ सालीं जर्मनींत ठाण मांडलेल्या अमेरिकन सैनिकांस आपलीं कुटुंबें आणण्याची परवानगी मिळाली, आणि बायकामुलांचीं जहाजें येऊन लागलीं. शहरें अद्याप ढिगाऱ्यांखालींच होतीं. मुलें आलीं म्हणजे शाळा पाहिजेच. तेव्हां ताब्यांत घेतलेल्या इमारतींत, अमेरिकेहून मास्तर व मास्तरीणबाई बोलावून, त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वर्ग सुरू करण्यांत आले. प्रारंभीं भूदल, नौदल व वायुदल आपापल्या शाळा चालवीत. पुढें त्या सर्व संरक्षण खात्याच्या एकाच शिक्षणसंस्थेखालीं आल्या. आज या संस्थेच्या सुमारें १६० शाळा असून त्यांत साठ हजारांहून अधिक मुलें शिकतात. कांहीं शाळा अमेरिकेंतच, तळांच्या आवारांत आहेत. बाकीच्या अकरा परदेशांत पसरल्या आहेत. जर्मनी, बेल्जियम, नेदरलंड्स, इंग्लंड, इटली, स्पेन, तुर्कस्तान, बहरीन, जपान, दक्षिण कोरिया, आणि ज्या देशाशीं अमेरिकेचें पटत नाहीं त्या क्यूबांतील ग्वांटानामोचा तळ. बंदुकीच्या मागोमाग खडू-फळा जावा, आणि तोही इतक्या नेमानें, हें आमच्यासारख्यास मोठें नवलाचें वाटलें.

शाळा बव्हंशीं तळाच्या तारेच्या कुंपणाआंत असल्यामुळें परक्यास तेथें सहज प्रवेश नाहीं, आणि तें योग्यच आहे. रस्त्यावरून जें दिसलें तें इतकेंच: सपाट छपराच्या लांब इमारती, खेळाचें विस्तीर्ण मैदान आणि दारांत झेंडा. परंतु पुतण्याच्या ओळखीच्या एक शिक्षिकाबाई गांवांतच राहतात. वीस वर्षें त्यांनीं याच नोकरींत काढलेलीं. दोन संध्याकाळीं त्यांनीं आम्हांस भरपूर माहिती दिली. आम्हीं मुद्दाम केलेल्या चकल्याही त्यांस पसंत पडल्या.

त्यांच्या सांगण्यांत वारंवार येणारा शब्द म्हणजे बदली. सैनिकाचें मूल बालवर्गापासून बारावीपर्यंत सरासरीनें सहा ते नऊ वेळां घर बदलतें. वर्षाच्या मध्यावर कोणी जातें, कोणी येतें. आज बाकावर शेजारीं बसलेला मित्र नाताळानंतर नसतो. म्हणून शिकविण्याची आंखणीच अशी केलेली असते कीं, जपानांत पाचवीच्या वर्गांतून उठलेल्या मुलास जर्मनींत पाचवींत बसतांना फारसें चुकल्यासारखें वाटूं नये. अभ्यासक्रम सर्वत्र एक. २०१५ पासून त्यांनीं नवा क्रम आणण्यास प्रारंभ केला, पण एकदम नव्हे. आधीं गणित, मग भाषा, शिक्षकांस तयार करीत करीत, अशीं कांहीं वर्षें लावलीं. नवें मूल आलें कीं त्याच्या सोबतीस एक जुना विद्यार्थी देतात. पाणी कोठें, जेवणाची खोली कोठें, दुपारीं कोणाबरोबर बसावयाचें, हें सर्व तो दाखवितो. छांदोग्यांतील गौतमानें सत्यकामास कुळाचा पत्ता न लागतांही जवळ केलें, याची आम्हांस आठवण झाली, आणि ती कथा बाईंना सांगितल्यावर त्यांनीं तिचें टिपण करून घेतलें.

हें ऐकत असतां आमच्या वर्गांतील एक मुलगा डोळ्यांपुढें उभा राहिला. बाप पोलिसांत फौजदार. दिवाळीनंतर खानदेशाहून आमच्या गांवीं बदलून आलेला. त्याच्या पहिल्या शाळेंत त्रैराशिक झालें होतें, पण व्यवहारी अपूर्णांक व्हावयाचे होते. आमच्याकडे अपूर्णांक संपून दशांश चालले होते. मुलगा मंद मुळींच नव्हता. तो दोन शाळांमधल्या फटींत पडला. ज्या घरांत मामलेदार, रेल्वेचे बाबू, पोस्टमास्तर होऊन गेले अशा आमच्या वाचकांपैकीं अनेकांस हा अनुभव असेल. आपल्या सरकारनें ही अडचण ओळखिली नाहीं असें नाहीं. १९६३ सालीं पलटणींच्या २० शाळा हातीं घेऊन ज्या मध्यवर्ती शाळा सुरू केल्या त्यांचींच पुढें केंद्रीय विद्यालयें झालीं. बदलीच्या नोकरांचीं मुलें, मग तो लष्करांतील जवान असो कीं मुलकी कारकून, एकाच अभ्यासक्रमानें शिकावीं हाच त्यांचा हेतु. काठमांडू, मॉस्को व तेहरान येथेंही तीं निघालीं. तेव्हां अमेरिकनांची युक्ति आपणांस अगदींच अपरिचित आहे असें समजूं नये.

आतां या शाळांच्या कीर्तीकडे वळूं. अमेरिकेंत शिक्षण हा ज्या त्या राज्याचा कारभार आहे. परंतु सर्वांस एका मापानें मोजणारी वाचनाची व गणिताची एक राष्ट्रीय चांचणी साधारणपणें दर दोन वर्षांनीं चौथी व आठवी या इयत्तांत घेतात. ती सरसकट सर्व मुलांची नसून निवडलेल्या नमुन्याची असते, आणि मोजपट्टी ५०० पर्यंतची. या चांचणींत संरक्षण खात्याच्या सर्व शाळा, स्वदेशांतील व परदेशांतील, मिळून एक स्वतंत्र राज्य धरितात. २०२४ सालीं चौथीच्या वाचनांत देशांतील सरकारी शाळांची सरासरी २१४ होती, या शाळांची २३४. गणितांत २३७ विरुद्ध २५१. आठवीच्या वाचनांत २५७ विरुद्ध २८२, आणि गणितांत २७२ विरुद्ध २९१. चारही ठिकाणीं पहिला क्रमांक. २०२२ सालींही तसाच. महामारीच्या काळांत बाकी सर्वत्र मुलें मागें पडलीं किंवा जेमतेम होतीं तेथें राहिलीं. आठवीच्या वाचनांत २०१९ पेक्षां २०२२ सालीं पुढें गेलेल्या अशा एकट्या याच. याहून आम्हांस महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी कीं, या शाळांतील कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या मुलांचें २०२२ च्या आठवीच्या वाचनांतील मान देशांतील गोऱ्या मुलांच्या सरासरीहून वर होतें.

मास्तर म्हटला कीं त्याला आंकड्यांचा मोह असतो, आणि आंकड्यांविषयीं संशयही असतो. या यशाचें सगळें श्रेय फळ्यास देणें आमच्या मतें बरोबर होणार नाहीं. येथील प्रत्येक मुलाच्या घरीं निदान एक कमावतें माणूस आहे. डोक्यावर छप्पर आहे. औषधपाणी सरकारी खर्चानें होतें. मोठ्या शहरांतील गरीब वस्तींत शिकविणाऱ्या मास्तरापुढें जें मूल न्याहारीवांचून येऊन बसतें तें या वर्गांत सहसा येतच नाहीं. शिक्षकांस पगार चांगला, पुस्तकांस तोटा नाहीं. तरी एक गोष्ट उरतेच. कर्नलाची मुलगी व साध्या शिपायाचा मुलगा एकाच बाकावर, एकाच बाईंपुढें बसतात. पैसेवाल्यांची शाळा वेगळी व इतरांची वेगळी असा प्रकार तळावर होऊं शकत नाहीं. आपल्या पुण्या-मुंबईंत हल्लीं शाळेच्या दारांत उभ्या असलेल्या मोटारींवरून आंतल्या मुलांचा बाप ओळखतां येतो. त्या दृष्टीनें हें उदाहरण आपण नीट पाहून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

खेळाची गोष्ट मोठी गमतीची. आमच्या वेळीं पलीकडच्या गांवच्या शाळेशीं खोखोचा सामना म्हणजे अर्ध्या तासाची पायपीट. यांची शेजारची शाळा बेल्जियमांत, नाहीं तर इटलींत! मुलें रात्रभर मोटारींत झोंपून आल्प्स ओलांडतात, सकाळीं फुटबॉल किंवा कुस्ती खेळतात, आणि परत येतात. युरोपांतील सर्व शाळांचे अंतिम सामने भरतात. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या निवडक मुलांचा मेळावा वीसबाडेन येथें भरतो. आमच्या शेजारच्या सार्जंटीणबाई म्हणाल्या कीं, यामुळेंच मुलांस धीर येतो. कारण नव्या गांवीं बदलून गेल्यावर तेथें एखादा तरी ओळखीचा प्रतिस्पर्धी भेटतो.

प्राथमिक शाळांत यजमान देशाची ओळख करून देणारा एक खास विषय असतो, आणि तो शिकविण्यास स्थानिक शिक्षक नेमतात. गाणीं, सण, चार वाक्यें, बाजारहाट, असें त्याचें स्वरूप. जर्मन मूल पहिलींत जातांना आईबाप त्याच्या हातीं खाऊ व पेन्सिलींनीं भरलेला पुठ्ठ्याचा मोठा शंकु देतात; कांहीं अमेरिकन आयाही ती चाल उचलतात. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु तळावर दुकान आपलें, दवाखाना आपला, चित्रपट आपला. त्यामुळें तीन वर्षें जर्मनींत राहून चार वाक्यांपलीकडे जर्मन न येणारीं मुलें पुष्कळ. संस्कृत व्याकरणासाठीं ज्या देशाकडे आमच्या गुरुजींच्या पिढीनें आदरानें पाहिलें त्या देशांत राहून त्याची भाषा कानाआड करावी, हें आमच्या पचनीं पडलें नाहीं. कोपऱ्यावरचीं तीं दोन टोळकीं रस्ता कां ओलांडीत नाहींत हें तेव्हां ध्यानांत आलें.

लांडश्टूलला आम्ही एकदां गेलों तें तेथील नानश्टाइनचा पडका किल्ला पाहण्यास. पण वाटेवर दिसतें तें अमेरिकन सैन्याचें मोठें इस्पितळ. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत जखमी झालेले हजारों शिपाई विमानानें रामश्टाइनला उतरवून प्रथम येथेंच आणीत. त्याच्या जवळच एक शाळा आहे. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “कोणीं गृहपाठ आणला नाहीं तर रागावण्यापूर्वीं आम्ही विचारतों, सध्यां घरीं कोण कोण आहे?” बाप सहा महिने, वर्षभर कोठें तरी दूर, क्वचित् आईच सैनिक, तर ती दूर. वर्गांतील एखाद्या मुलास मुख्याध्यापकांकडून बोलावणें आलें कीं सबंध वर्ग गप्प होई, असे ते दिवस होते. २०२१ च्या ऑगस्टांत काबूल सोडून आलेले हजारों अफगाण याच विमानतळावर तंबूंत राहिले, तेव्हां तळावरच्या कुटुंबांनीं कपडे व खेळणीं नेऊन दिलीं. लढाईचा अर्थ या मुलांस पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं.

१९८६ सालीं तेव्हांचे संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांनीं एप्रिल महिना सैनिकांच्या मुलांचा म्हणून ठरविला. तेव्हांपासून त्या महिन्यांत शाळांत समारंभ होतात, एके दिवशीं सर्वजण जांभळे कपडे घालून येतात. या मुलांचें फूल म्हणून एक रानटी पिवळें फूल मानतात, ज्याचें युरोपीय नांव ‘सिंहदंत’ या अर्थाचें आहे. त्याचें बीं म्हणजे आपल्याकडे सांवरीच्या बोंडांतून उडणारी म्हातारी. वारा नेईल तेथें जाणार, फरशीच्या फटींतही रुजणार. शेजारच्या मुलीनें आमच्या हातीं असा एक पांढरा गोंडा आणून दिला, आणि फुंकर घालावयास सांगितलें.

परत आल्यावर एक बातमी वाचनांत आली, ती येथें नमूद करणें भाग आहे. २०२५ सालीं अमेरिकन सरकारच्या नव्या धोरणास अनुसरून या शाळांच्या ग्रंथालयांतून वंश व स्त्रीपुरुषभेद या विषयांशीं संबंध असलेलीं सुमारें सहाशें पुस्तकें काढून घेण्यांत आलीं. कांहीं विद्यार्थी आपल्या पालकांसह न्यायालयांत गेले; ऑक्टोबरांत न्यायाधीशांनीं, दावा लावणारीं मुलें ज्या पांच शाळांत होतीं तेथें तीं परत ठेवावीं असा तात्पुरता हुकूम दिला. त्या पांचांपैकीं इटली व जपान येथीलही शाळा होत्या. मुलांनीं काय वाचावें याचा विचार वडीलधाऱ्यांनीं करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तो तर आम्ही जन्मभर केला. परंतु कपाटांतील पुस्तक काढण्यापूर्वीं तें वाचलेल्या शिक्षकास विचारावें, एवढी रीत कोणत्याही देशांत पाळतां येण्यासारखी आहे. ज्यांचे आईबाप हुकमाचे ताबेदार आहेत त्यांच्या मुलांनीं न्यायासनापुढें उभें राहावें, यांत त्यांच्या शाळेच्या शिकवणीचाही कांहीं वांटा असावा.

मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यांत आम्ही आगगाडीनें लुडविग्सहाफेन येथें ऱ्हाइन ओलांडून हायडेलबर्गला गेलों. खंडोबा व धनगर यांच्या दैवतांचा ज्यांनीं जन्मभर अभ्यास केला ते प्रोफेसर गुंथर सोन्थायमर १९९२ पर्यंत याच नगरींतील विद्यापीठांत होते. त्या स्थळास हात जोडावे हा मूळ हेतु. पण हायडेलबर्गलाही अमेरिकन सैन्याचें मोठें ठाणें होतें, व तेथील अमेरिकन माध्यमिक शाळा १९४६ पासूनची. सैन्य हललें आणि २०१३ सालीं शाळेस कायमचें कुलूप लागलें. बर्लिनची अशीच १९९४ सालीं व फ्रांकफुर्टची १९९५ सालीं बंद झाली होती. या शाळांचे जुने विद्यार्थी आतां अमेरिकेंत कोठें तरी एकत्र जमून संमेलनें भरवितात, कारण परत जाऊन पाहावी अशी शाळा त्यांस राहिली नाहीं.

शहराबाहेर पॅट्रिक हेन्री व्हिलेज नांवाची त्यांची वसाहत होती. रांगेनें तीन मजली सैनिकी चाळी, मुलांची शाळा, खेळाचीं मैदानें. अमेरिकन गेल्यानंतर कांहीं काळ तीं घरें ओस पडलीं होतीं. आतां तेथें जर्मन सरकार देशोदेशींच्या निर्वासितांस प्रथम उतरवून घेतें व त्यांचीं कागदपत्रें करून पुढें पाठवितें. आम्ही रस्त्याच्या कडेनें गेलों तेव्हां कुंपणाआंत, झाडांखालीं, डोक्यास रुमाल बांधलेल्या दोन बाया बांकावर बसल्या होत्या, आणि त्यांचीं मुलें एक चेंडू घेऊन भिंतीशीं खेळत होतीं.